बुणग्यांचा हिशेब
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



नोकरी आणि घर यांचा मेळ कसा घालावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. आणि त्यासाठी निवडलेले गाव आहे पानिपत. ही सांगड प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. मराठी भाषेने पानिपतला गाव म्हणून फारसे उरूच दिलेले नाही. परीक्षेत, निवडणुकीत, धंद्यात कोठेही धूळधाण उडाली की ‘पानिपत झाले’ असे म्हणून मराठी माणूस मोकळा होतो. परंतु जे गाव वाक्प्रचारात गेले, ते विचारातून निसटले. काम आणि घर एकाच तळावर आले म्हणजे काय होते, याचा मराठी समाजाला आलेला पहिला मोठा आणि अत्यंत कडू अनुभव याच गावाच्या शिवारात आलेला आहे.

उदगीरच्या विजयानंतर मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ मराठवाड्यातील परतूर येथून उत्तरेकडे निघाले. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, ऑक्टोबरच्या मध्यास कुंजपुरा पडला. त्याच महिन्याच्या अखेरीस अहमदशहा अब्दाली बागपतपाशी यमुना उतरून मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये आला. नोव्हेंबरच्या आरंभापासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, म्हणजे अडीच महिने, दोन्ही फौजा पानिपतावर समोरासमोर बसून होत्या. हा तपशील शाळेतील प्रत्येक पिढीने पाठ केलेला आहे. त्या छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे अधिक होते, हेही पुस्तकांत असते. मात्र ते बहुधा एका वाक्यात उरकलेले असते.

या न लढणाऱ्यांना मराठीत ‘बुणगे’ म्हणतात. शब्द फारसीतून आला, आणि मुळात तो सामानसुमानाशी निगडित आहे. सामान वाहणारे, सामानाबरोबर चालणारे आणि शेवटी स्वतःच सामान ठरलेले, असा त्याच्या अर्थाचा प्रवास झाला. पुढे ‘बाजारबुणगे’ ही शिवीच झाली. ज्यांच्या हातचे खाऊन फौज लढते, त्यांनाच भाषेने निरुपयोगी ठरवावे, यातील अन्याय अडीचशे वर्षांत फारसा कोणाच्या लक्षात आला नाही.

या बुणग्यांत कोण होते? वाणी, लोहार, चांभार, बेलदार, मोतद्दार, आचारी, पाणक्ये होते. त्यांच्या बायका होत्या, यात्रेकरू होते. आणि सरदार-कारकुनांची घरेही होती. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई छावणीत होत्या. पुढे ज्यांची बुद्धी मराठी राज्याचा आधार ठरली ते नाना फडणवीस त्या वेळी जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे होते. त्यांच्याबरोबर त्यांची आई आणि पत्नी होत्या. उत्तरेतील तीर्थे घडावीत, ही त्या काळच्या स्त्रियांची आयुष्यभराची आस असे, आणि एवढ्या मोठ्या फौजेच्या संरक्षणाखाली ती पुरी होण्याची संधी पुन्हा येणार नव्हती. मोहीम वर्ष-दीड वर्षाची, घर पंधराशे किलोमीटरवर. कामावर जाणाऱ्याने घर बरोबर घेतले, याला नुसता विलास म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही.

भरतपूरच्या सूरजमल जाटाने कुटुंबकबिला आणि जड सामान मागे सुरक्षित ठिकाणी ठेवावे, असा सल्ला भाऊंना दिला होता, असे बखरी सांगतात. तो मानला गेला नाही. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक इतिहासकाराने या मुद्द्यावर भाऊंना दोष दिला आहे आणि लष्करी दृष्टीने तो योग्यच आहे. चपळाईने हालणारी फौज निराळी आणि संसार घेऊन चालणारी निराळी. अखेरच्या दिवशी या सर्व मंडळींना मध्ये घेऊन गोल बांधून लढत बाहेर पडण्याचा बेत करावा लागला, हे त्या अडचणीचे टोक होय.

पण हा हिशेब एकाच बाजूने मांडलेला आहे. बुणग्यांमुळे फौज किती अडली, हे सर्वांनी मोजले. बुणग्यांमुळे फौज किती चालली, हे मोजण्याचे कोणाला सुचले नाही. अडीच महिने त्या छावणीत दाणा दळला कोणी, भाकरी थापली कोणी, जखमींना पाणी पाजले कोणी, जनावरांना वैरण घातली कोणी? उत्तर हिंदुस्थानच्या त्या थंडीत जळण आणि गवत आणण्यासाठी खंदकाबाहेर पडून अफगाण स्वारांच्या हाती सापडले ते कोण? रसद तुटली तेव्हा अन्न संपले, हे खरे. पण अन्न होते तोवर ते शिजवणारे हातही रसदीचाच भाग होते. खाते मांडताना ते हात फक्त ‘खाणारी तोंडे’ म्हणून धरले गेले.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे, कारण तिचा आजच्या नोकरदाराशी थेट संबंध आहे. पुण्याहून पानिपतास पत्र पोहोचण्यास आठवडे लागत. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. भाऊ गोविंदपंत बुंदेल्यांना पैसा आणि रसद यांसाठी पुनःपुन्हा लिहीत असल्याचे त्या काळच्या पत्रव्यवहारात दिसते; पण क्षणोक्षणी पुण्याची आज्ञा विचारण्याची सोयच नव्हती. दूर असलेल्या माणसावर निर्णयाचा भार असे, तसा निर्णयाचा अधिकारही असे. नानासाहेब पेशव्यांना पराभवाचे वर्तमान कळले ते लढाईनंतर सुमारे दहा दिवसांनी, भेलशाच्या बाजूस, सावकारी जासुदाच्या हातून. आजच्या दूरस्थ नोकरीत अंतर तसेच राहिले, अधिकार मात्र गेला. साताऱ्यात बसलेल्या अभियंत्याने दुपारी अर्धा तास डोळे मिटले, तर बंगळूरच्या पडद्यावर त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो.

लढाईनंतरची कथा प्रत्येक घराची निराळी आहे. नानांच्या आई त्या धांदलीत हरवल्या आणि परतल्या नाहीत; पत्नी सुखरूप सापडल्या. नानांनी आपल्या त्रोटक आत्मचरित्रात हे सर्व लिहून ठेवले आहे. ज्याने सल्ला दिला होता त्या सूरजमलानेच पळून आलेल्या शेकडो कुटुंबांना अन्नवस्त्र आणि आसरा दिला. नानासाहेब २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले. पार्वतीबाई दक्षिणेत परतल्या. पती गेल्याचे त्यांनी मान्य केले नाही आणि पुढची वीसहून अधिक वर्षे त्यांनी सौभाग्यलेणे उतरवले नाही. मधल्या काळात भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याची चौकशी झाली, त्याला शिक्षा झाली. राज्याच्या दृष्टीने मोहीम एका दिवसात संपली होती. घरात ती एका पिढीइतकी चालली. आजच्या पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र या जिल्ह्यांत स्वतःला त्या फौजेचे वंशज मानणारा रोड समाज आहे. काला आंबच्या स्मारकापाशी १४ जानेवारीला त्यांची आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची भेट होते.

मराठी समाजाने त्यानंतर दुसरी रीत स्वीकारली. कामाच्या जागी घर न्यायचे नाही. घर गावाला, पुरुष मुंबईला. कोकणातला चाकरमानी गिरणीच्या खोलीत दहा-पंधरा जणांत पथारी टाकी, महिन्याला मनिऑर्डर धाडी आणि शिमग्या-गणपतीला चार दिवस बाप होई. खानावळवाल्या बाया त्याचे घर चालवीत, गावातली बायको त्याची शेती आणि म्हातारी माणसे सांभाळी. या व्यवस्थेचा निम्मा भार कोणी वाहिला, हे सांगण्याची गरज नाही. पोवाडे आणि लेख गिरणीवर झाले, मनिऑर्डरीची पोच देणाऱ्या हातावर फार थोडे.

आता पुन्हा पानिपतात यावे, पण आजच्या. दिल्लीपासून सुमारे नव्वद किलोमीटरवरचे हे शहर राजधानी क्षेत्रात मोडते. पहाटेच्या गाड्यांनी येथून हजारो माणसे दिल्लीस कामाला जातात आणि रात्री परततात. परंतु या शहराची खरी ओळख विणकरांचे गाव ही आहे. फाळणीत येथील मुसलमान विणकर पाकिस्तानात गेले आणि पश्चिम पंजाबातून आलेली निर्वासित कुटुंबे येथे वसली. त्यांनी मागावरचा धंदा पुन्हा उभा केला. येथली पंजा दरी प्रसिद्ध आहे. बाणा ठोकून घट्ट बसवण्यासाठी वाघनखासारखा लोखंडी पंजा वापरतात, त्यावरून तिचे नाव पडले. जगभरातून टाकून दिलेले लोकरी कपडे येथे गठ्ठ्यांनी येतात, रंगांप्रमाणे निवडले जातात, फाडले जातात, त्यांचे पुन्हा सूत होते आणि त्या सुताची स्वस्त घोंगडी-ब्लँकेटे. सोलापूरच्या बाजारात चादर घेताना ‘ही सोलापूरचीच ना, पानिपतची नाही ना?’ असे गिऱ्हाईक विचारते, तेव्हा त्या प्रश्नात दोन विणकर गावांची स्पर्धा ऐकू येते.

माग घरात असणे म्हणजे घरून काम करणे. हे कोणत्याही संगणकाच्या आधीचे आहे, सोलापूरच्या पद्मशाली कुटुंबांना आणि तेथील विडी वळणाऱ्या बायांना हे सांगायला नको. पानिपतातही कारखान्यात विणलेल्या मालाचे सगळेच काम कारखान्यात संपत नाही. सुटे धागे कापणे, कडांना गोंडे बांधणे, गाठी मारणे अशी शेवटची कामे गठ्ठ्यागठ्ठ्याने वस्त्यांमधील घरांत जातात आणि नगावर पैसे मिळतात. नगावर पैसे म्हणजे वेळेला किंमत नाही. त्या कामाला लागणारी जागा, दिव्याची वीज, बसायची चटई, शाळेतून आलेल्या मुलीने तासभर लावलेला हात, यांपैकी काहीच दरात धरलेले नसते. मालकाच्या वहीत ते घर दिसतच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरी काम करणाऱ्या कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. कारखान्यातील कामगाराइतकेच संरक्षण घरच्या कामगाराला मिळावे, हा त्याचा गाभा. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

या पार्श्वभूमीवर मार्च २०२० कडे पाहावे. टाळेबंदी लागली आणि सुशिक्षित मध्यमवर्गाच्या घरात काम येऊन बसले. १७६० मध्ये घर मोहिमेत गेले होते. आता मोहीम घरात आली. दूर बसून काम करण्याची कल्पना जॅक निलेस या अमेरिकन अभियंत्याने १९७३ च्या सुमारास मांडली, तिला नावही त्याने दिले. तेव्हाची चिंता रस्त्यांवरील गर्दी आणि इंधनाची नासाडी ही होती. जे कित्येक दशकांत झाले नाही, ते एका आठवड्यात झाले. या शाळेतून शिकून पुणे, गुरुग्राम, नोएडा, हैदराबाद येथे गेलेल्या कित्येकांनी लॅपटॉप उचलून गावचे घर गाठले. जेवणाचे टेबल कचेरी झाले. स्वयंपाकघरातील कुकरच्या शिट्टीची साहेबासमोर क्षमा मागितली जाऊ लागली. मूल रडले तर ‘व्यत्यय’, सासूबाईंनी हाक मारली तर ‘व्यत्यय’. घरातली माणसे पुन्हा बुणगे झाली.

याचा अर्थ घरून काम वाईट, असा नव्हे. असे म्हणणाऱ्याने लोकलचा दांडा धरून रोज तीन-चार तास घालवलेले नसतात. मूल झाल्यावर नोकरी सोडलेल्या अनेक मुली या सोयीमुळे पुन्हा कामाला लागल्या. म्हाताऱ्या आईवडिलांना दुपारी घरात दुसरे माणूस दिसू लागले. गावातल्या बंद खोल्या उघडल्या. जेव्हा कंपन्यांनी माणसांना परत बोलावण्यास सुरुवात केली, तेव्हा झालेली कुरबूर आळसाची नव्हती. सोय काय असते हे एकदा कळल्यानंतरची ती होती. आक्षेप सोयीवर नाही. त्या सोयीचा खर्च कोणाच्या नावे पडतो, याच्या मौनावर आहे. खोलीचे भाडे, वीज, इंटरनेटचे बिल, आणि बैठक चालू असताना लहान मुलाला घेऊन गॅलरीत उभे राहणारे माणूस, हे सारे घर पुरवते. पानिपतातल्या गोंडे बांधणाऱ्या बाईच्या आणि संगणक अभियंत्याच्या मिळकतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण वहीतून घर वगळण्याची रीत एकच आहे.

कायद्याने याची दखल थोडीथोडी घेतली आहे. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने सव्वीस आठवड्यांच्या रजेनंतर, कामाचे स्वरूप तसे असेल तर परस्परसंमतीने घरून काम करण्याची वाट उघडली. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क अमलात आला. पोर्तुगालने २०२१ साली एक पाऊल पुढे टाकले. कामाच्या वेळेनंतर मालकाने संपर्क करू नये आणि घरून कामामुळे वाढलेला विजेचा व इंटरनेटचा खर्च त्याने द्यावा, असे तेथील कायदा सांगतो. महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत संपर्क तोडण्याच्या हक्काचे खासगी विधेयक मांडले होते. खासगी विधेयके क्वचितच कायदा होतात. पण पोर्तुगालच्या कायद्यातली वीजबिलाची ओळ पाहा. एका क्षुद्र वाटणाऱ्या ओळीने घर मालकाच्या वहीत आणून बसवले.

मात्र कायदा पोचतो तो उंबरठ्यापर्यंत. त्याच्या आतल्या वाटणीसाठी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे कालवापर सर्वेक्षण पाहावे लागते. २०१९ साली घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्या बिनपगारी कामाला देत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. ही सरासरी काही ना काही घरकाम करणाऱ्यांचीच आहे; त्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात साधारण चारांत एक. मधे महामारी आली, लाखो पुरुष महिनोन्‌महिने घरात राहिले. २०२४ च्या सर्वेक्षणात स्त्रियांचा आकडा २८९ झाला आणि पुरुषांचा ८८. हे आकडे साऱ्या देशाचे आहेत, फक्त लॅपटॉपवाल्या घरांचे नव्हेत, हे ध्यानात ठेवूनही एवढे म्हणता येईल की पुरुषाचे शरीर घरात आल्याने त्याचे काम घरात आलेच असे होत नाही. पती-पत्नी दोघेही घरून नोकरी करतात त्या घरात दार असलेली खोली कोणाला मिळते आणि स्वयंपाकघराशेजारचे टेबल कोणाला, हे प्रत्येक श्रोत्याने मनाशी आठवून पाहावे. सर्वेक्षणाची गरज पडणार नाही.

पानिपतनेच या मौनाकडे बोट दाखवणारा माणूस दिला आहे. उर्दू कवी अल्ताफ हुसैन हाली यांचा जन्म १८३७ चा, पानिपतातला. सतराव्या वर्षाच्या सुमारास घरच्यांनी लग्न लावून दिले. शिक्षणाच्या ओढीने हा मुलगा घर आणि पत्नी मागे ठेवून दिल्लीस निघून गेला. पुढेही नोकरीने त्यांना लाहोर-दिल्लीत फिरवले. मागे राहिलेल्या घराचा भार कोणी वाहिला, हे त्यांना ठाऊक असावे, कारण १९०५ साली त्यांनी स्त्रियांच्या मूक श्रमांची दाद देणारे ‘चुप की दाद’ हे दीर्घ काव्य लिहिले. १९१४ च्या अखेरच्या दिवशी ते पानिपतातच वारले. मराठी माणूस त्या गावी काला आंब पाहून परततो. हालींचे नाव त्याच्या यादीत नसते. ते असावे.

शाळेच्या स्मरणिकेसाठी हा विषय आला आहे, तेव्हा शाळेचाही उल्लेख हवा. टाळेबंदीत मराठी शाळांतील शिक्षिकांनी एका हाती पोळी उलटत दुसऱ्या हाताने व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठ तपासले. एकाच फोनवर तीन भावंडांनी वर्ग केले. घरून कामाच्या चर्चेत त्यांची आठवण कोणी ठेवत नाही. त्याच्या थोडे आधी, जून २०१९ मध्ये, बालभारतीने दुसरीच्या नव्या पुस्तकात आई आणि बाबा शेजारी बसून भाजी निवडत आहेत, असे चित्र छापले. वर्तमानपत्रांतून त्याची बातमी झाली, कौतुक झाले, थोडी थट्टाही झाली. नऊ महिन्यांनी शाळा बंद झाल्या. ते पुस्तक मुलांबरोबर घरी आले आणि बाबाही घरीच होते.